सोळा प्रयोगांत बंद पडलेल्या नाटकाची गाणी

कोल्हापुरातल्या एका तरुण वाचकाचं पत्र आलं आहे. ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत हिशेबाचं काम बघतात आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यसंस्थेत पार्श्वसंगीताची बाजू सांभाळतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या कानावर 'मेरिली वी रोल अलाँग' या अमेरिकन म्युझिकलचा १९८१ सालचा कास्ट अल्बम पडला, म्हणजे नाटकातल्या मूळ नटसंचानं गायलेल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण. तेव्हापासून कामावर जाता-येता आणि रात्री झोपण्याआधी ते तोच ऐकतात. हे नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, फक्त १६ प्रयोगांत बंद पडलं होतं. एका रविवारी त्यांनी संस्थेच्या मित्रांना गच्चीवर बोलावून सगळा अल्बम ऐकवायला घेतला. तिसऱ्या गाण्यापर्यंत निम्मे जण मोबाईलमध्ये शिरले होते. एक जण म्हणाला, "भावा, तिकडंच चाललं नाही, ते इथं काय ऐकवतोयस?" दिग्दर्शक सरांनी सल्ला दिला, की पडलेल्या नाटकाची पारायणं करण्यापेक्षा चाललेल्या नाटकांचा अभ्यास कर. त्या दिवसापासून ते तालमीला जायचं टाळतात. घरी नाट्यपदं ऐकणारी आजी तेवढी म्हणते, "तुला गोड लागतंय न्हवं, मग ऐक की." त्यांचे प्रश्न असे: माझ्या आवडीत खोट आहे का? जे नाटक पाहिलंच नाही त्यावर जीव लावायचा मला हक्क आहे का? त्याचं मराठी रूप संस्थेत करावं का? आणि पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: "२०२३ मध्ये हे नाटक ब्रॉडवेवर परत आलं आणि तुफान चाललं, तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी वाईट वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

प्रिय वाचक,

आज घरी गेल्यावर आजींना एक विचाराल का? त्या जी पदं ऐकतात, त्यांतली किती नाटकं त्यांनी रंगमंचावर पाहिली आहेत? यादी फार लांब होईल असं मला वाटत नाही. 'मानापमान' १९११ सालचं, 'स्वयंवर' १९१६ सालचं. त्यांतली पदं आपल्या भागात सांगली आकाशवाणीवरून, देवल क्लबातल्या मैफलींतून, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांतून आणि गाण्याच्या शिकवण्यांतून घरोघरी पोचली. पद कोण कुणाला उद्देशून म्हणतंय, आधी काय घडलंय, शेवटी काय होतं, यातलं काही माहीत नसलेली माणसंही ती पदं जन्मभर गुणगुणतात. 'आधी नाटक पाहिलंय का?' म्हणून त्यांना कुणी अडवत नाही. मग ही अट तुम्ही एकट्या स्वतःलाच का घालून घेतली?

आणखी एक. आजींच्या कानात बसलेलं पद हेसुद्धा रंगमंचावरचं पद जसंच्या तसं नाही. नाटकात वन्समोअर मिळत जायचे, पद वाढत जायचं, रात्र सरायची. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. गायकांनी त्याच पदाचं आटीव रूप तबकडीसाठी बसवलं, आणि आज आपण 'मूळ' म्हणून ऐकतो ते बहुतेक वेळा हेच रूप असतं. ती नाटकाची उरलीसुरली खूण नव्हती, ते त्याच पदाला मिळालेलं दुसरं, पूर्ण आयुष्य होतं. तुमच्या अल्बमकडे याच नजरेनं बघावं असं मला वाटतं, आणि तसं बघायला कारणं आहेत.

पहिलं कारण समजायला, नाटक 'पडतं' म्हणजे काय होतं ते पाहू. तुम्ही हिशेबातले आहात, तुम्हाला हे चटकन उमगेल. ब्रॉडवेवरच्या म्युझिकलला दर आठवड्याला थिएटरचं भाडं, वादकांचे आणि नटांचे पगार, पडद्यामागच्या कामगारांची मजुरी, जाहिरात असा ठरलेला खर्च असतो. तिकीटविक्री त्या खर्चाच्या खाली गेली आणि हाताशी ठेवलेली रक्कम संपली, की निर्माता नाटक बंद झाल्याची नोटीस लावतो. त्या नोटिशीचा अर्थ एवढाच, की या आठवड्यांत, या दरानं, एवढी माणसं तिकीट काढायला आली नाहीत. गाणं कसं आहे याचा निकाल त्या नोटिशीत शोधू नये.

'मेरिली'चं १९८१ मध्ये काय बिनसलं ते पाहा. तीन मित्रांची ही गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे जाते: आधी चाळिशीतले विटलेले, तुटलेले मित्र दिसतात आणि मग प्रसंगागणिक ते तरुण होत जातात. दिग्दर्शक हॅरॉल्ड प्रिन्स यांनी या भूमिकांना अगदी कोवळी, विशीच्या अलीकडची-पलीकडची मुलंमुली घेतली. प्रौढ माणसांच्या भूमिकेत पोरं, त्यात गोष्ट उलटी. कोण कुणाचा कोण हे प्रेक्षकाला लागेना. शेवटी पात्रांची ओळख लिहिलेले स्वेटशर्ट नटांच्या अंगावर चढवावे लागले. पूर्वप्रयोग, म्हणजे अधिकृत पहिल्या प्रयोगाआधीचे चाचणीचे प्रयोग, चालू असताना मुख्य नट बदलला, नृत्यदिग्दर्शक बदलला. चाळीसहून जास्त पूर्वप्रयोग झाल्यावर १६ नोव्हेंबरला अधिकृत पहिला प्रयोग झाला, परीक्षणं वाईट आली आणि २८ नोव्हेंबरला पडदा पडला. प्रिन्स आणि संगीतकार-गीतकार स्टीफन सोंडहाइम यांची सत्तरच्या दशकात एकामागून एक मोठी नाटकं करणारी जोडी त्यानंतर कितीतरी वर्षं एकत्र आली नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी ती मुलं ध्वनिमुद्रणाला उभी राहिली. नाटक संपलं होतं. तुम्ही रोज ऐकता तो अल्बम हाच.

आता या नाटकाच्या दोषांपैकी अल्बमवर किती आले? स्वेटशर्ट कानाला दिसत नाहीत. नटाचं वयही खटकत नाही, उलट त्या कोवळ्या आवाजांत एक निकड ऐकू येते. आणि सर्वांत मोठी अडचण, ती उलटी गोष्ट, इथे गुण होऊन बसते. सोंडहाइम यांनी संगीतही उलट्या क्रमानं रचलंय. एरवी नाटकात गाणं आधी पूर्ण येतं आणि पुढे त्याचा तुकडा आठवण म्हणून परत येतो. इथे आधी आठवण येते आणि गाणं मागाहून. घटस्फोटाच्या प्रसंगात कडवटपणे म्हटलेलं गाणं, पुढे, म्हणजे गोष्टीत कित्येक वर्षं मागे, लग्नाच्या प्रसंगात प्रेमानं म्हटलं जातं. प्रेक्षागृहात बसलेल्याला मागे जाऊन पहिलं गाणं पुन्हा ऐकता येत नाही. त्याचा धागा सुटला तो सुटला. तुम्हाला जाता येतं. सरांना वाटतं तुम्ही पारायणं करताय. या नाटकाच्या संगीताला पारायणच लागतं, आणि ती सोय १९८१ मधल्या तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला नव्हती.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर साधं आहे: आवडीत खोट नाही. तुमच्या कानाला जे सापडलं ते तिथे खरोखरच आहे.

चालणं आणि टिकणं यांचा मेळ नेहमी बसत नाही, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्या केशवराव भोसल्यांनी बालगंधर्वांबरोबर ८ जुलै १९२१ ला मुंबईत संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग केला. टिळक स्वराज्य फंडासाठीचा तो प्रयोग मराठी रंगभूमीवर आजही दंतकथेसारखा सांगितला जातो, पण त्या रात्रीचं गाणं आपल्यापैकी कुणी ऐकू शकत नाही. रात्रभराचा प्रयोग टिपून ठेवायची सोयच तेव्हा नव्हती. आणि १६ प्रयोगांचं एक नाटक तुमच्या खिशात आहे. १९६४ चं सोंडहाइम यांचंच 'एनीवन कॅन व्हिसल' तर नऊ प्रयोगांत आटोपलं होतं. ते बंद पडल्यावरही कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं अल्बम काढला, म्हणून त्यातली गाणी आज गायली जातात. अमेरिकन संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांचं १९७६ चं एक म्युझिकल सात प्रयोगांत पडलं, त्याचा कास्ट अल्बम निघालाच नाही, आणि त्याचं मूळ रूप कसं वाजत होतं हे ऐकायची वाट बंद झाली. कुणीतरी वेळेवर यंत्र सुरू केलं का, यावर केवढं अवलंबून असतं!

इथवर मी तुमच्या बाजूनं बोलले. आता जरा उलट बाजूनं.

अल्बम दोष झाकतो. गाण्यांच्या मधले संवाद त्यात जवळजवळ नसतात, त्यामुळे कच्चे सांधे ऐकू येत नाहीत, आणि मधली रिकामी जागा आपण आपल्या कल्पनेनं भरतो. ती कल्पना अनेकदा लेखकाच्या संहितेपेक्षा उदार असते. 'मेरिली'च्या संहितेत अडचणी होत्या हे तिच्या कर्त्यांनीच मान्य केलंय: सोंडहाइम आणि संहितालेखक जॉर्ज फर्थ १९८५ पासून कितीतरी वर्षं ती दुरुस्त करत राहिले. सुरुवातीचा शाळेच्या पदवीदानाचा प्रसंग काढला, त्यातलं समूहगीत गेलं, पार्टीच्या प्रसंगातलं गाणं जाऊन दुसरं आलं. तुमच्या अल्बमवरची काही गाणी आज त्या नाटकात नाहीत! तेव्हा 'नाटक उत्तमच होतं, लोकांना कळलं नाही' एवढं मात्र म्हणू नका. संहिता मिळवून वाचा, आणि २०२३ च्या नटसंचाचाही अल्बम आहे, तो ऐका. पूर्ण नाटकावर मत द्यायचं असेल तर हे करायला हवं. गाणी आवडायला मात्र यातलं काहीच करावं लागत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नात या दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत.

आता ती तळाची ओळ. मला वाटतं, पत्र खरं तर त्या ओळीसाठी लिहिलं गेलंय.

मारिया फ्रीडमन यांनी लंडनमध्ये २०१२ ला बसवलेला 'मेरिली'चा प्रयोग पुढे न्यूयॉर्कला गेला आणि २०२३ च्या शरदात ब्रॉडवेवर आला. जोनाथन ग्रॉफ, डॅनियल रॅडक्लिफ आणि लिंडसे मेंडेझ अशी नावं, तिकिटांवर झुंबड, २०२४ मध्ये चार टोनी, म्हणजे ब्रॉडवेवरचे सर्वांत मानाचे पुरस्कार. सोंडहाइम नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. त्यांना हे पाहायला मिळालं नाही. तुम्ही इतकी वर्षं ज्याची बाजू घेत होतात, त्याचा जगानं जयजयकार केला, आणि तुम्हाला वाईट वाटलं. यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या गोष्टीला कुणी विचारत नाही तिला आपण आसरा दिला, असं मनाला वाटत असतं. तिला मोठं घर मिळालं की आपण नको झालो असं वाटतं. अनेकांना असं होतं, फक्त ते कुणी बोलत नाही.

पण एक शांतपणे तपासून बघा. १९८१ मध्ये हे नाटक दहा वर्षं हाऊसफुल्ल चाललं असतं, तर तुम्हाला ही गाणी इतकीच आवडली असती का? उत्तर लगेच देऊ नका. माझा कयास आहे की गाणी आवडलीच असती, पण 'हे फक्त मला कळलंय' ही जी ऊब आहे ती मिळाली नसती. ती ऊब खोटी नाही. फाउंड्रीच्या हिशेबात दिवस घालवणाऱ्या माणसाला जगाच्या पाठीवरची एक गोष्ट आपली एकट्याची वाटावी, यात वाईट काय? धोका एवढाच, की नाटकाचं पडणं हाच तुमच्या प्रेमाचा आधार होऊन बसला, तर नाटकानं यश मिळवलं की तो आधार काढून घेतला जातो. तुम्हाला वाईट वाटलं ते इथे. तेव्हा गाण्यांवर प्रेम करा, त्यांच्या अपयशावर नको. आणि हेही ध्यानात घ्या, की २०२३ च्या यशानं तुमची आवड 'बरोबर' ठरली असंही नाही. 'बघा, मी सांगत होतो ना' म्हणत सरांपुढे टोनी पुरस्कार नाचवायला जाल, तर तिकीटखिडकीच्या निकालाला तुम्हीही तेवढाच मान दिल्यासारखं होईल.

गच्चीवरच्या रविवारबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मित्रांनी मोबाईल काढले याचा मला फार राग येत नाही. उघड्यावर, एका स्पीकरवर, भरभर येणारं इंग्रजी, तेही उलट्या क्रमाची गोष्ट, आणि अल्बम पहिल्यापासून सलग! तिसऱ्या गाण्यापर्यंत निम्मे जण टिकले हेच खूप. तुमच्यासारख्या ज्यांना आपली अनवट आवड दुसऱ्याला ऐकवायची असते, मग ते पडलेल्या नाटकाचे अल्बम असोत की कुणा विस्मृतीत गेलेल्या गायिकेच्या तबकड्या, त्या सगळ्यांनाच माझं सांगणं आहे: एकच गाणं निवडा. ऐकवण्याआधी दोन वाक्यांत सांगा, कोण आहे, कुठे आहे, त्याला काय हवंय. 'हे नाटक पडलं होतं' हे आधी सांगू नका. ऐकणारा मग गाणं ऐकायचं सोडून चूक शोधत बसतो. गाणं चालू असताना बोलू नका आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका. दहा जणांऐवजी एकाला ऐकवा.

'मेरिली'च्या बाबतीत मी शेवटाकडून सुरुवात करीन. १९५७ साल, न्यूयॉर्कमधली एक गच्ची, पहाटेच्या अंधारात तीन तरुण पोरं आकाशात स्पुटनिक, म्हणजे रशियानं सोडलेला पहिला कृत्रिम उपग्रह, शोधताहेत आणि आता आपले दिवस आले असं एकमेकांना सांगताहेत. एवढा संदर्भ कोल्हापुरातल्या कुठल्याही हौशी नटाला पुरेल. राज्य नाट्य स्पर्धेच्या आदल्या रात्री हेच बोलणं झालेलं असतं. ते गाणं ऐकून झाल्यावर सांगा, की ही तिघं पुढे एकमेकांशी बोलेनाशी होतात, आणि आपण प्रेक्षक ते आधीच पाहून आलेलो असतो. त्यावर मित्रानं 'कसं काय?' विचारलं, तर दुसरं गाणं लावा. नाही विचारलं, तर चहा प्या.

आजींना मात्र नक्की ऐकवा. शब्दांचा अर्थ आधी मराठीत सांगा आणि लग्नाच्या प्रसंगातलं ते गाणं लावा. भाषा न कळता चाल आणि आवाज पारखायची सवय त्यांच्या पिढीच्या कानांना आहे. त्या 'आवडलं नाही' म्हणाल्या, तर का ते विचारा. ते उत्तर तुमच्या कामाचं असेल.

मराठी रूपाबद्दल. मनाशी, वहीत, गाण्यांची भाषांतरं जरूर करा. गीताचा घाट समजून घ्यायला त्यासारखा अभ्यास नाही. पण प्रयोग लावायचा तर गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतराचा हक्कही कर्त्याचाच असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. या नाटकाचे प्रयोगाचे हक्क म्युझिक थिएटर इंटरनॅशनल ही संस्था देते. भाषांतराची परवानगी स्पष्टपणे वेगळी मागायला लागेल. लेखी उत्तर येईपर्यंत तालीम सुरू करू नका.

त्यापेक्षा मला दुसरी वाट जास्त मोलाची वाटते. उलटी गोष्ट सांगायची रीत कुणाच्या मालकीची नाही. सोंडहाइम आणि फर्थ यांनीही ती १९३४ च्या कॉफमन आणि हार्ट यांच्या नाटकावरून घेतली होती. तुमच्या संस्थेत लिहिणारं कुणी असेल तर कोल्हापूरच्याच तीन मित्रांची गोष्ट लिहा: मालिकांमध्ये नाव कमावलेला एक, इथेच राहिलेला एक, नाटक सोडून दिलेली एक, आणि मागे मागे जात ती तिघं पहिल्यांदा एकत्र उभी राहिली तो दिवस. पदांच्या चाली तुम्ही बांधा. आठवण आधी, गाणं मागाहून, हे तंत्र तुमच्या कानात इतकं मुरलंय की संस्थेत दुसऱ्या कुणाला ते तुमच्याइतकं जमणार नाही. उलट्या गोष्टीत प्रेक्षक कुठे हरवतो, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

हेच घेऊन सरांकडे जा. चाललेल्या नाटकांचा अभ्यास कर म्हणाले, ते चूक नाही. पण चाललेल्या नाटकात नेमकं कशामुळे चाललं ते वेगळं काढणं अवघड असतं, आणि पडलेल्या नाटकात सांधा कुठे निखळला ते बोट ठेवून दाखवता येतं. त्यांच्याकडे एका तालमीतली पंधरा मिनिटं मागा आणि स्वेटशर्टांपासून सुरुवात करा. दिग्दर्शकाला यात रस वाटेल असं मला मनापासून वाटतं. नाही वाटला तर वाद घालू नका, पार्श्वसंगीताचं तुमचं काम चालू ठेवा. तुमच्या पत्रातला तेवढा एकच निर्णय मला पटला नाही, तालीम टाळण्याचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यापासून आपल्याकडच्या हौशी मंडळींना आधीच जागेसाठी वणवण करावी लागली आहे. त्यात चांगला कान असलेला माणूस एका रविवारच्या रुसव्यापायी घरी बसणं संस्थेला परवडणारं नाही. या आठवड्यातच जा.